सात संगणकांची हजेरी

जळगावच्या वेशीबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवायला लागलो तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत आठ संगणक होते. एक मुख्य आणि त्याला तारेने जोडलेले सात. सातांतले पाच बरे होते, दोन जुने आणि मंद. एप्रिल लागला की त्या खोलीत बसवत नसे. प्रयोगशाळा सांभाळणारे नाना खिडक्यांना ओलं गोणपाट लावायचे, त्याचा वास दिवसभर डोक्यात राहायचा.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मी मूळचा धुळ्याचा. मुंबईत संगणकशास्त्रात एम.टेक. करून आलो होतो आणि आमच्या गल्लीत त्या विषयात एवढं शिकलेला मी पहिलाच होतो. त्याचा ताठा होता मला. घरी आईशी अहिराणीत बोलायचो, पण कॉलेजात कुणी अहिराणीत बोललं तर उत्तर पुस्तकी मराठीतच द्यायचो. नाना धुळ्याजवळच्या नरडाण्याकडचे. ते माझ्याशी सरळ अहिराणीत बोलत, आणि मला ते चारचौघांत आवडत नसे. आज हे लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळचा मी तसाच होतो, आणि पुढे जे झालं ते त्या ताठ्यातूनच झालं.

शेवटच्या वर्षाच्या वर्गात मुली चारच होत्या. त्यांतली एक एदलाबादजवळच्या खेड्यातली, आता त्या गावाला मुक्ताईनगर म्हणतात. घरची केळीची बाग. ती नशिराबादला मामाकडे राहायची आणि एसटीने यायची. वर्गात फार बोलत नसे. प्रोजेक्टचा विषय ठरवायला मुलं माझ्याकडे येत तेव्हा बहुतेकांचा विषय ठरलेला असे, ग्रंथालयाची पुस्तकनोंद नाहीतर पगारपत्रक. ती आली ती वेगळंच घेऊन.

तिच्या वडिलांना सगळं गाव भाऊ म्हणे. आदल्या वर्षी त्यांच्या बागेत पानांवर डाग पडले. भाऊंनी टपाल कार्यालयातल्या फोनवरून जळगावच्या कृषी अधिकाऱ्याला ते डाग सांगायचा प्रयत्न केला. लाइनीत खरखर. डाग केवढा, कडेला पिवळा की आत करडा, पानाच्या वर की खाली, हे शब्दांत सांगता सांगता घोटाळा झाला. अधिकाऱ्याने दुसराच रोग समजून दुसरीच फवारणी सांगितली. खरा रोग करपा निघाला, तो पंधरा दिवसांनी. ती मला म्हणाली, तारेवरून बोलणं जातं तसं चित्र गेलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. आणि नुसता फोटो पुरत नाही, पान उलटंपालटं करून दाखवावं लागतं, म्हणजे हलतं चित्र हवं.

मी तिला सांगितलं की हलतं चित्र फार जड असतं, गावाकडच्या फोनच्या तारेवरून ते जाणार नाही. त्यावर ती म्हणाली, "सगळं नाही जाणार, सर. पण ढोबळ तर जाईल? ज्याची लाइन चांगली त्याला बारकावा पाठवू. ज्याची खराब, त्याला ढोबळ, पण पूर्ण पान दिसलं पाहिजे."

हे ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. या विषयावर परदेशात काम चाललंय हे मी मासिकांतून वाचलं होतं. चित्राचे थर करायचे. पहिला थर हलका, त्यावर चित्र ओळखता यावं. दुसरा थर जड, त्यात बारकावा. लाइन खराब असेल तर दुसरा थर गाळायचा, चित्र मोडत नाही. तिने यातलं काही वाचलेलं नव्हतं. तिने ते केळीच्या पानावरून काढलं होतं.

मी तिला एक शब्द शिकवला, स्केलेबिलिटी. तिने वहीत लिहून घेतला आणि मराठीत काय म्हणायचं ते विचारलं. मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, "वाढवलं तर पेललं पाहिजे, कमी केलं तर मोडता कामा नये." मी तो अर्थ पुढे अनेक वर्षं वर्गात सांगितला, आपलाच असल्यासारखा.

चित्रासाठी आम्ही जळगावच्या एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला गाठलं. त्याने कॅमेरा खांद्यावर घेऊन भाऊंच्या बागेत जाऊन पान शूट केलं. पान भाऊंच्याच हातात होतं. ते काही सेकंद पान वर करायचे, उलटं करायचे, पुन्हा सुलटं. पुण्यात माझ्या मित्राच्या ऑफिसात व्हिडिओ संगणकात उतरवायचं कार्ड होतं. मी कॅसेट घेऊन गेलो आणि त्या शूटिंगची साठ लहान काळी-पांढरी चित्रं एका फ्लॉपीत घेऊन आलो. प्रयोगशाळेच्या पडद्यावर भाऊंचा अंगठा आणि ते पान हललं तेव्हा ती हसली. नानाही उठून बघायला आले.

थरांचा भाग तिने तीन महिन्यांत एकटीने पुरा केला. दोन संगणक तारेने जोडून, वेग मुद्दाम फोनच्या लाइनीएवढा कमी करून आम्ही बघत असू. ढोबळ पान अडखळत का होईना पण यायचं. वेग थोडा वाढवला की डागांच्या कडा उमटायच्या.

अडचण वेगळीच होती. ती साठ चित्रं हलकी करून त्यांचे थर पाडायला एका संगणकाला पाऊण तास लागायचा. काही सेकंदांच्या हालचालीसाठी पाऊण तास. म्हणून काम सात संगणकांत वाटायचं ठरलं, आणि इथे आमचं बिनसलं.

माझ्या मनात रचना तयार होती. मी एम.टेक.ला असताना ती कागदावर मांडली होती आणि त्यावर एक निबंध लिहायचा बेत होता. प्रत्येक चित्राचे लहान चौकोन करायचे. मुख्य संगणकाने सातांना एकेक चौकोन द्यायचा. साती जणांचं उत्तर आलं की पुढचे सात चौकोन. कुणाकडे काय आहे हे मुख्य संगणकाला कायम ठाऊक असायला हवं, असं माझं म्हणणं.

ती म्हणाली, "सर, सगळ्यांनी सगळ्यांसाठी का थांबायचं? ज्याचं झालं त्याने पुढचं उचलावं."

मी विचारलं, मग कुणी काय उचललं ते कोण बघणार. तिने वही पुढे केली. तिची रचना अशी की पाच पाच चित्रांचे गठ्ठे करायचे आणि एक यादी ठेवायची. जो संगणक मोकळा होईल त्याने यादीतला पुढचा गठ्ठा उचलून खूण करायची. ठराविक वेळात उत्तर आलं नाही तर खूण पुसायची, म्हणजे तो गठ्ठा दुसरा कुणी उचलेल. मुख्य असा कुणी नाहीच, नुसती यादी.

मी वही बंद केली. म्हणालो, हजेरीशिवाय वर्ग चालत नाही. मग माझीच रचना करायची ठरली.

नाना चहा घेऊन आले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ती गेल्यावर ते मला म्हणाले, "सर, पोर बराबर सांगी ऱ्हायनी. बठ्ठा जण एकनी वाट कसाले देखतस?" पोरगी म्हणत होती तेच, सगळ्यांनी एकाची वाट कशाला बघायची.

मी पुस्तकी मराठीत म्हणालो, "नाना, तुम्ही तेवढा पंखा बघा."

तिने माझी रचना प्रामाणिकपणे उभी केली. दोन संगणकांवर काम भराभर झालं. चांगले तीन लावले तेव्हा वीस मिनिटांत संपलं. मी खूश झालो आणि त्या आठवड्यात निबंधाला हात घातला. मग साती लावले तेव्हा पंचवीस मिनिटं लागली. सात संगणक तिघांपेक्षा हळू. कारण उघड होतं. दोन जुने संगणक प्रत्येक फेरीत मागे राहायचे आणि बाकीचे पाच हात बांधून त्यांच्यासाठी थांबायचे. मला ते दिसत होतं. तरी मी तिला सांगितलं की प्रोग्रॅम अजून घासूनपुसून घे.

मे महिन्यात तोंडी परीक्षा होती. बाहेरून परीक्षक आले ते पुण्याच्या एका संस्थेतले, वयस्क, मृदू बोलणारे. सकाळी चहा घेताना त्यांनी प्रोजेक्टच्या अहवालावरून नजर फिरवली आणि थरांच्या पानावर थांबले. म्हणाले, आमच्याकडे फोनच्या तारेवरून हलतं चित्र पाठवण्याचं काम सुरू झालंय, एक सहायक हवा आहे, ही मुलगी येईल का. मी बाहेर आलो. भाऊ त्या दिवशी मुलीबरोबर आले होते आणि व्हरांड्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले, मग म्हणाले, "पुन्याले? साहेब म्हनत असतीन त धाडू तिले."

ती शेजारीच उभी होती. तिने वडिलांकडे वळून बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

थरांचा भाग परीक्षकांना फार आवडला. त्यांनी वेग कमी करून बघितला, वाढवून बघितला, पानावरच्या डागाला पडद्यावर बोट लावलं. मग त्यांनी सात संगणकांचं काम दाखवायला सांगितलं. वेळ वाचावा म्हणून आम्ही वीसच चित्रं घेतली. काम सुरू झालं. तीन-चार मिनिटांनी एक जुना संगणक अडकून पडला, पडदा जिथल्या तिथे. मुख्य संगणक त्याच्या उत्तराची वाट बघत राहिला, आणि बाकीचे सहा मुख्याची. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज.

परीक्षकांनी थोडा वेळ वाट बघून विचारलं, "एक यंत्र बंद पडलं तर सगळी का थांबली? ही रचना कुणाची?"

त्यांनी प्रश्न कुणा एकाला विचारला नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं. उत्तर माझं होतं. मी म्हणालो, "रचना विद्यार्थिनीची आहे. मी फक्त मार्गदर्शक."

वाक्य बाहेर पडलं तेव्हा ते मला अगदी साधं वाटलं. रोजच म्हणतो तसं काहीतरी.

परीक्षक तिच्याकडे वळले. अशी रचना का केलीत, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "विचार कमी पडला, सर."

नाना दाराशी उभे होते. ते बाहेर निघून गेले.

परीक्षक रागावले नाहीत. थरांचं काम चांगलं आहे, पण दुसऱ्या भागाला विचाराची बैठक नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. पुण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. प्रयोगशाळेपासून फाटक बरंच लांब होतं. त्यांनी जळगावच्या उन्हाबद्दल विचारलं, मी भरताच्या वांग्यांबद्दल सांगितलं. जीप निघून गेली.

परत आलो तर भाऊ उठून उभे राहिले. साहेब काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कळवतील.

ती पास झाली, साधारण गुणांनी. जून-जुलैत भाऊंचा कॉलेजात दोनदा फोन आला. तीच खरखर. पुण्याचं पत्र आलं का, असं विचारायचे. अजून नाही, भाऊ, असं मी दोन्ही वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा फोन आला नाही, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

माझा निबंध मात्र स्वीकारला गेला. दक्षिणेतल्या एका शहरात परिषद होती, तिथे मी तो वाचला. त्यावर माझं नाव होतं आणि शेवटी बारीक अक्षरांत तिचे आभार. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका तरुणाने हात वर करून विचारलं, सातांतला एक बंद पडला तर काय होतं. मी इकडचं तिकडचं बोलून वेळ मारून नेली. परतीच्या गाडीत दीड दिवस मला दुसरं काही सुचलं नाही.

जळगावला आल्यावर मी तिचा अहवाल काढला. शेवटी तिने तिची रचना दोन पानांत लिहिली होती, ‘पुढे करता येण्यासारखे’ या मथळ्याखाली. अहवालावर मार्गदर्शक म्हणून माझी सही होती. ती पानं न वाचताच केलेली. मी बसून ती रचना स्वतः लिहिली. शिकवणं सांभाळून दोन-तीन आठवडे लागले. साती संगणक लावले. सगळी साठ चित्रं बारा मिनिटांत झाली. मग चालू असताना मी मुद्दाम एकाचं बटण बंद केलं. जरा वेळ गेला, त्याचा गठ्ठा दुसऱ्याने उचलला, काम पुरं झालं. नाना बघत होते. त्यांनी उठून बंद केलेल्या संगणकाचं बटण पुन्हा चालू केलं.

तिला जाऊन सांगायला मला आणखी वर्षभर लागलं. सुटीत जाऊ, पेपर तपासून झाले की जाऊ, असं करता करता. शेवटी एका रविवारी सकाळच्या एसटीने मुक्ताईनगरला गेलो. ती स्टँडजवळ बियाण्यांच्या दुकानाच्या वर संगणकाचे वर्ग चालवायची. चार संगणक, भिंतीला प्लॅस्टिकची फुलं, दारात चपलांचा ढीग. मला बघून ती उठली, "या सर" म्हणाली आणि खालून चहा मागवला. मुलांना टायपिंगला बसवून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

मी तयारी करून गेलो होतो, पण सगळं विसरलो. म्हणालो, "तुझ्या पद्धतीने चालवून बघितलं. साती संगणक लावले. बारा मिनिटं लागली."

ती म्हणाली, "मला साडेअकरा लागली होती."

मला कळेना. तिने सांगितलं तेव्हा कळलं. परीक्षेच्या आधी मी दोन दिवस धुळ्याला गेलो होतो. त्या दोन दिवसांत नानांनी तिला प्रयोगशाळा उघडून दिली होती. रचना तिने घरी कागदावर आधीच लिहून ठेवली होती. ती चालली होती, पहिल्याच दिवशी दुपारी.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"आले होते सांगायला. कागद हातातच होता. तुम्ही काहीतरी लिहीत होता. म्हणालात, आता बदल नको, परीक्षेनंतर बघू."

मला हे आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. कितीदा प्रयत्न केला. ती दारात उभी आहे, हातात कागद आहे, मी मान वर न करता बोलतो आहे, हे चित्र मी कल्पनेने उभं करू शकतो, पण ते आठवण म्हणून येत नाही. निबंधाची तेव्हाची वाक्यं मात्र अजून पाठ आहेत.

मी विचारलं, "मग परीक्षकांना खरं का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही सर होता. आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल. त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेला होता ना तुम्ही. मी खिडकीतून बघत होते."

मी माफी मागितली. एका मुलीचा संगणक अडला होता, ती उठून तिकडे गेली. मी चहा संपवला.

खाली उतरलो तर भाऊ दुकानापाशी भेटले. मी आल्याचं कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. केळीची फणी माझ्या हातात देत ते म्हणाले, "सर, तुमच्यामुये पोरगी शिकली." त्यांना काहीच माहीत नव्हतं. तिने घरी कधी सांगितलंच नव्हतं. मी ती फणी घेतली, कारण नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

घरी येऊन मी पुण्याच्या परीक्षकांना पत्र लिहिलं, जे झालं ते जसंच्या तसं. महिन्याभराने चार ओळींचं उत्तर आलं. ती जागा तेव्हाच भरली गेली, आता ते कामही दुसरीकडे गेलं, आणि हे त्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी दोन्ही पत्रांच्या प्रती तिला पाठवल्या. तिचं उत्तर आलं नाही. त्याच सुमारास नाना निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांच्याशी पहिल्यांदा अहिराणीत बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि उत्तर मराठीत दिलं.

पुढे बँकांमध्ये संगणक आले तेव्हा तिला भुसावळला नोकरी लागली. वर्ग तिने बंद केले. हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. चित्रांचं काम तिने पुन्हा कधी केलं की नाही, मला माहीत नाही.

मी आता वर्गात ती यादीची रचना शिकवतो आणि ती आपल्याच कॉलेजच्या एका विद्यार्थिनीची आहे हे सांगतो. मुलं विचारतात, त्या आता कुठे असतात, अमेरिकेत का. मी म्हणतो, भुसावळला, बँकेत. काही जण हसतात. त्यांना वाटतं, सर गंमत करतायत.